तोंडी करार आणि थकलेली मजुरी



बांधकामावर राबणाऱ्या गवंड्यांपैकी व बिगाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हाती कामाचा लेखी करार असतो. दर तोंडी ठरतो, थोडी उचल मिळते आणि काम सुरू होते. काम पुरे झाल्यावर कंत्राटदार हिशेबाला टाळाटाळ करू लागला, की "कागद कुठे आहे?" या एकाच प्रश्नाने मजूर गप्प बसतो. वाण्याची उधारी मात्र थांबत नाही. कागद नाही म्हणजे हक्क नाही, ही समजूत मुळातच चुकीची आहे.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार उभयतांच्या राजीखुशीने ठरलेला तोंडी करारही करारच होय. वेतनापुरता मुख्य कायदा म्हणजे वेतन संहिता, २०१९. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून १९३६ व १९४८ चे वेतनविषयक अधिनियम तिने रद्द केले आहेत. कामाच्या अटी स्पष्ट बोलून ठरलेल्या असोत वा व्यवहारावरून समजून घ्यावयाच्या असोत, संहिता दोहोंना मान्यता देते. रोजंदारीचे वेतन पाळी संपताच, आठवड्याचे शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याचे पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत दिले पाहिजे. कामावरून काढल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा लागतो.

समजा, दोन गवंडी व तीन बिगारी यांनी चिऱ्यांच्या बांधकामावर २४ दिवस काम केले. गवंड्याचा रोज १,००० रुपये व बिगाऱ्याचा ७०० रुपये ठरला होता. दिवसाचे ४,१०० रुपये, म्हणजे एकूण ९८,४०० रुपये झाले. उचल ४०,००० रुपये वजा जाता ५८,४०० रुपये येणे राहिले. असा हिशेब प्रत्येकाच्या नावाने, तारखांसह मांडला, की निम्मे काम झाले.

आता पुरावा. मजुरी चुकती केली, हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. तथापि काम केले व अमुक दराने केले, हे मजुराला दाखवावे लागते. त्यासाठी सोबत्यांची व शेजाऱ्यांची साक्ष, हजेरीची वही, भ्रमणध्वनीवरील निरोप, उचलीची बँकेतील नोंद व कामाची छायाचित्रे उपयोगी पडतात. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा मात्र कदापि देऊ नये.

प्रथम लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवावी व पावती जपून ठेवावी. दाद न मिळाल्यास कामगार खात्याच्या कार्यालयात जावे. शासनाने नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे मजूर स्वतः, त्याची कामगार संघटना किंवा निरीक्षक अर्ज करू शकतो. मुदत तीन वर्षांची आहे. मूळ येण्याखेरीज त्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार या अधिकाऱ्यास असून तीन महिन्यांत निकाल देण्याचा त्याने प्रयत्न करावा, असे संहिता सांगते. आदेश होऊनही रक्कम न दिल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर ती जबाबदारी येते.

ज्याने संपूर्ण काम स्वतःच ठोक पत्करले, तो मजूर न ठरता कंत्राटदार ठरू शकतो. अशाने दिवाणी न्यायालयात जावे. स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींतील व्यक्ती व अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळतो.

ठरलेला दरही किमान वेतनाहून कमी असता कामा नये. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे काम राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीची मजुरी ठरते, असा निर्णय दिला.

अर्ज लिहिणे ज्यांना जमत नाही, त्यांना गावातील शिक्षकांनी साहाय्य करावे. पंचायतीने दोघांना समोरासमोर बसवावे. पण तडजोड झाल्यास ती लिहून, रक्कम व तारीख घालून, दोन साक्षीदारांसमक्ष करावी. तडजोडीच्या आशेवर मुदत मात्र दवडू नये. यापुढे काम सुरू होण्यापूर्वी दर, दिवस व उचल एवढ्या तीन गोष्टी वहीच्या एका पानावर उतरवून कंत्राटदाराची सही घेतली, तर "कागद कुठे आहे?" या प्रश्नाला उत्तर तयार राहील.