घर मोठं, तरी माळा हवाच

‘३२ जीबी रॅम आहे, मग स्वॅप कशाला?’ लिनक्सवाली तरुण मंडळी हल्ली मला हे छाती फुगवून विचारतात. उलट आमच्या वयाचे लोक ‘रॅमच्या दुप्पट’ हे पाठ केलेलं सूत्र धरून डिस्कवरचे ६४ जीबी अडवून बसतात. अहो, ते सूत्र रॅम मोजून मापून मिळायची त्या काळातलं! लिनक्स विकणारी रेड हॅट कंपनीसुद्धा दुप्पट सांगते ती २ जीबीपर्यंतच. ८ ते ६४ जीबीवाल्यांना तिचा सल्ला काय? किमान ४ जीबी. बस्स.

पण शून्य नव्हे, हं.

आपल्या घराचंच बघा. साखरेचा डबा संपला तर वाण्याकडून पुन्हा आणता येतो. आजीचं पितळी पातेलं वाणी देणार नाही. रॅममध्येही असंच असतं. फायलींतून वाचलेली पानं टाकली तरी डिस्कवरून परत वाचता येतात; प्रोग्रॅमनं स्वतः मांडलेल्या पसाऱ्याची दुसरी प्रत कुठेच नसते. त्याची जागा एकच, माळा, म्हणजे डिस्कवरचा स्वॅप. माळाच नसेल तर? वर्षात एकदा लागणारं पातेलं ओट्यावरच राहणार आणि जागेची चणचण झाली की लिनक्सचा कारभारी, म्हणजे कर्नल, साखरेचा डबा बाहेर फेकणार. मग प्रत्येक चहाला वाण्याकडे पळा! मशीन गोठतं ते या पळापळीत. तेवढ्यानंही भागलं नाही, तर कर्नलचा ओओएम किलर येऊन घरातल्या एखाद्यालाच, म्हणजे चालू प्रोग्रॅमलाच, बाहेर काढतो.

म्हणून पुन्हा सांगतो, स्वॅप म्हणजे रॅम संपल्यावरची उसनवारी नव्हे. अडगळ वर टाकून ओटा मोकळा ठेवायची ती सोय आहे.

काहींना स्वॅपमध्ये ३०० एमबी दिसले की घाम फुटतो. माळ्यावर सामान आहे, असू द्या की! शिडी दिवसातून कितीदा लावता, ते मोजा. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा आणि ‘एसआय’, ‘एसओ’ हे दोन रकाने पाहा. तिथे बहुतेक वेळ शून्य असेल तर खुशाल झोपा.

लॅपटॉप हायबरनेट करणाऱ्यांचं मात्र वेगळं. तिथे अख्खं घरच माळ्यावर चढवायचं असतं, तेव्हा साधारण रॅमएवढी जागा ठेवा.

फेडोरानं ३३व्या आवृत्तीपासून झेडरॅम आणलं, म्हणजे माळा डिस्कवर नाहीच, रॅममध्येच घड्या घालून... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. ते राहिलंच. पण किमान ४ जीबी, शून्य नाही, एवढं लिहून घेतलंत ना?