शालू, रंगमंच आणि घरातला पडदा
(व्याख्यानाचा मजकूर)

रात्रीची जेवणे आटोपली, की गावोगावी सारे कुटुंब दूरचित्रवाणी संचासमोर बसते. पडद्यावर एक पुरुष कलावंत नऊवारी नेसून, अंबाडा घालून, नाकात नथ अडकवून येतो. आजी डोळ्यांतले पाणी पुसत हसते, नातू टाळ्या पिटतो. दुसऱ्या दिवशी तोच नातू बहिणीची ओढणी खांद्यावर घेऊन आरशासमोर उभा राहतो आणि घरातला सूर एकदम पालटतो. “हे काय बायकी चाळे?” असा प्रश्न येतो, प्रसंगी पाठीत धपाटाही बसतो. रात्रीच्या हसण्यात आणि सकाळच्या धपाट्यात जे अंतर आहे, ते कोठून आले आणि ते कमी होत आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय वरवर हलका वाटला, तरी शाळा आणि पंचायत चालविणाऱ्यांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

पुरुषाने स्त्रीवेष धारण करणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सीतेसह सर्व भूमिका पुरुषांनीच केल्या. कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे त्या काळी समाजाला मान्य नव्हते. म्हणून सीता, शकुंतला, सुभद्रा या साऱ्याजणी पुरुषांच्या देहातूनच प्रेक्षकांना भेटल्या. किर्लोस्कर नाटक मंडळीतील भाऊराव कोल्हटकरांच्या स्त्री-भूमिकांनी आणि गायनाने एका पिढीला वेड लावले. प्रेक्षक त्या भूमिकांना हसत नसत. शकुंतला दुःखी झाली, की प्रेक्षागृहातील डोळे ओलावत.

या परंपरेचे शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. तरीही भामिनीचा शालू नेसून ते रंगमंचावर उभे राहिले आणि प्रयोग पार पडला. पुढे ‘एकच प्याला’तील सिंधूने घराघरांतील स्त्रियांच्या काळजाला हात घातला. त्यांच्या साडीची नेसण, केशरचना आणि दागिने यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया हौसेने करीत. स्त्रीने कसे सजावे, याचा आदर्श एका पुरुषाने घालून दिला आणि समाजाला त्यात वावगे वाटले नाही. १९६४ साली त्यांना पद्मभूषण लाभले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून त्यांचे नाव मिरवीत उभे आहे.

चित्रपटाची सुरुवातही अशीच झाली. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती सापडेना. अखेर १९१३ साली पडद्यावर आलेली तारामती अण्णा साळुंके या आचाऱ्याने उभी केली. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी केल्या. रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस १९३६ साली ‘संत तुकाराम’ झाले, तेव्हा लोकांनी त्यांना तुकोबांच्या जागी पाहिले. स्वतः बालगंधर्वांनीही १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. काल शालू नेसणारा नट आज संताच्या वेषात आला, म्हणून कोणाची श्रद्धा ढळली नाही.

या गौरवाला दुसरी, अंधारी बाजूही होती. संगीत नाटकातल्या शालूला जो मान मिळाला, तो तमाशाच्या फडातल्या लुगड्याला मिळाला नाही. नाच्या हा तमाशाचा अविभाज्य घटक. पण त्याच्या वाट्याला फडात शिट्ट्या आणि फडाबाहेर कुत्सित नजरा आल्या. कोल्हापूरचे गणपत पाटील यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मराठी चित्रपटांतील नाच्याची भूमिका त्यांनी इतक्या जिवंतपणे साकारली, की प्रेक्षकांनी नटाला आणि भूमिकेला एकच मानले. ते संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे वडील होते; तरीही त्यांच्या पुरुषत्वाविषयी कुजबुज होत राहिली आणि तिची झळ कुटुंबालाही लागली. २००८ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची कला नावाजली गेली होती. मात्र टवाळीने केलेली जखम पुरती भरली नव्हती.

बालगंधर्व आणि गणपत पाटील या दोघांनी वस्त्र एकाच जातीचे धारण केले. एकाला गौरव मिळाला आणि दुसऱ्याला गौरवाबरोबर हेटाळणी. यावरून एक गोष्ट ध्यानी येते. समाजाची दृष्टी वस्त्रावर खिळलेली नसते. ते वस्त्र कोण नेसतो, कोणत्या मंचावर नेसतो आणि त्या मंचाची प्रतिष्ठा किती, यावर ती ठरते.

पुढे काळ बदलला. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले आणि त्यात स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या. हळूहळू ही रीत रुळली. ही सुधारणा अत्यंत स्वागतार्ह होती; परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. पुरुषाने स्त्रीवेष घेण्याची गरज संपली आणि गरज संपताच तो वेष प्रामुख्याने विनोदाचा विषय झाला. आचार्य अत्रे यांच्या ‘मोरूची मावशी’ने प्रेक्षकांना खळखळून हसविले, १९८० नंतरच्या दशकात विजय चव्हाण यांनी ती मावशी पुन्हा गाजविली. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’त सचिन पिळगांवकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे दोन लोकप्रिय नायक साडी नेसून आले. पुण्यात भाड्याची जागा मिळत नाही, ही त्यांची अडचण. ती प्रेक्षकांनाही ठाऊक असलेली. म्हणून ते हसू निर्मळ राहिले. परंतु साऱ्याच विनोदांना हे पथ्य पाळता आले नाही. बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या अंगावरची साडी हाच विनोद ठरला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि रंगमंच घरात आला. नाटकाला माणूस तिकीट काढून जातो. दूरचित्रवाणीवरचा कलावंत मात्र आठवड्यामागून आठवडे घरी येतो, ओळखीचा होतो. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात भाऊ कदम, सागर कारंडे आदी कलावंतांनी असंख्य स्त्री-व्यक्तिरेखा उभ्या केल्या. त्याच सागर कारंडे यांनी पोस्टमनच्या वेषात वाचलेल्या पत्रांनी प्रेक्षकांना रडविलेही. एकच माणूस साडीत हसवितो आणि खाकी वेषात रडवितो, हे कुटुंबाने एकाच खोलीत बसून पाहिले. वेषामागे कसलेला कलावंत असतो, ही जाण त्यातून रुजली.

पण ती पुरेशी रुजली काय? २०१३ साली सुरू झालेल्या एका लोकप्रिय हिंदी विनोदी कार्यक्रमात अली असगर यांनी दादीची भूमिका केली. देशभर ती गाजली. मात्र या भूमिकेमुळे त्यांच्या मुलांना शाळेत चिडविले जात असे, ही गोष्ट पुढे जाहीरपणे सांगितली गेली. गणपत पाटलांच्या कुटुंबाला जे सोसावे लागले, तेच इतक्या वर्षांनी एका दूरचित्रवाणी कलावंताच्या मुलांना वेगळ्या रूपात सोसावे लागले. आणि हे घडले शाळेच्या आवारात, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

याच सुमारास एक वेगळा प्रवाहही वाहू लागला होता. २००९ सालच्या ‘जोगवा’त उपेंद्र लिमये यांनी देवीच्या नावाने साडी नेसावी लागलेल्या जोगत्याची व्यथा मांडली आणि या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० साली आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ आला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी रंगविलेला पैलवान गुणा कलेपायी नाच्या होतो आणि समाज त्याची पिळदार छाती विसरून केवळ त्याचे हातवारे पाहतो. २०११ साली सुबोध भावे पडद्यावर बालगंधर्व झाले. पुढे हेच भावे ‘तुला पाहते रे’ या मालिकेचे नायक म्हणून घराघरांत पोहोचले. शालू नेसल्यामुळे त्यांचे नायकपण उणावले नाही. हे चित्रपट दूरचित्रवाणीमार्फत खेडोपाडी गेले आणि ज्या प्रेक्षकाने नाच्याला शिट्टी मारली होती, त्यालाच नाच्याच्या घरात काय घडते ते दिसले.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावताराने तर हे फार पूर्वीच साधले आहे. दिवसा शेतात राबणारा गडी रात्री देवळासमोर द्रौपदी होतो आणि सकाळी पुन्हा नांगर धरतो. गाव त्याच्या पदराला हसत नाही, कारण त्या पदरामागची साधना गावाने लहानपणापासून पाहिलेली असते. परिचय वाढला, की हेटाळणी ओसरते, याचा हा जिवंत पुरावा होय.

तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नटाचा स्त्रीवेष हा वेष असतो. प्रयोग संपला, की तो पेटीत जातो. ज्यांच्यासाठी स्त्री म्हणून जगणे हीच अंतरीची ओळख आहे, त्यांना तो पेटीत ठेवता येत नाही. पडद्यावरच्या नायकाला टाळ्या देणारा समाज रस्त्यावरच्या या माणसांकडे पाहून काच वर करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१९ साली संसदेने त्यांच्या हक्कांच्या संरक्षणासाठी कायदा करून शिक्षण आणि नोकरीतील भेदभावाला मनाई केली. आणि २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, तरंगफळ या गावी, तृतीयपंथी व्यक्ती सरपंच म्हणून निवडून आली. तेथील मतदारांनी वस्त्र पाहिले नाही. कारभार कोणाच्या हाती द्यावा, एवढेच पाहिले. दूरचित्रवाणीला जे साधावयाचे आहे, ते एका खेड्याने मतपेटीतून साधले.

समाजाची दृष्टी बदलत आहे, पण सारख्या गतीने नाही. नायकाविषयीची दृष्टी आधी बदलते, शेजाऱ्याविषयीची मागाहून, आणि स्वतःच्या मुलाविषयीची सर्वांत शेवटी. पहिला बदल पडदा घडवू शकतो. उरलेले दोन माणसांनीच घडवावयाचे आहेत.

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा जिजाऊंची किंवा सावित्रीबाईंची भूमिका मागतो. ती त्याला द्यावी काय, यापेक्षा ती केल्यावर वर्गात त्याचे काय होते, हा प्रश्न मोठा आहे. त्या दिवशी शिक्षकांनी बालगंधर्वांची गोष्ट चार वाक्यांत सांगितली, तरी अर्धी टवाळी थांबेल. एखाद्या मुलाची चाल, आवाज किंवा आवड निराळी असेल, तर त्याला त्यावरून हाक मारली जाणार नाही, एवढा दंडक वर्गात असावा. ग्रामसभेत कोणी निराळ्या वेषात आले, तर त्याला बसावयास जागा आणि बोलावयास वेळ मिळावा. याला निधी लागत नाही, की वरिष्ठांची मंजुरी लागत नाही.

रात्री पडद्यावरच्या नऊवारीला हसणारी आजी मनाने कठोर नसते. नातवाला धपाटा घालणारा बापही दुष्ट नसतो. लोक काय म्हणतील, या भीतीने त्याचा हात उठतो. हे ‘लोक’ म्हणजे कोण? शिक्षक, सरपंच, ग्रामसेवक आणि शेजारी. त्यांनीच हसावयाचे थांबविले, तर बापाची भीती जाईल, आणि आरशासमोरच्या त्या मुलाला ओढणी घाईघाईने लपवावी लागणार नाही.