सुटीपूर्वीचा एक पाठ



भुसावळच्या उन्हाची ख्याती जुनी आहे. परंतु तापमानवाढीमुळे देशात उष्णतेच्या लाटा आता अधिक वेळा येऊ लागल्या आहेत. त्यांना तोंड देण्याची साधनेही वाढली आहेत. २०१० च्या भीषण लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. पुढे अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी वा लाल इशारा आज भ्रमणध्वनीवर आगाऊ मिळतो.

तथापि इशारा मिळणे म्हणजे तो उमजणे नव्हे. केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराला त्याचा अर्थ कोण सांगणार? त्याचे शाळेत जाणारे मूल सांगू शकेल. मात्र मे महिन्यात ऊन कळसाला पोहोचते तेव्हा शाळा बंद असते. यास्तव हा पाठ सुटीपूर्वीच व्हावयास हवा.

मार्चपासून रोजचे तापमान व इशाऱ्याचा रंग मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावा. पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा द्यावी. एक लिटर पाण्यात जलसंजीवनीचे पूर्ण पाकीट कसे कालवावे, हे प्रत्यक्ष दाखवावे. उन्हात कोणी बरळू लागले वा बेशुद्ध पडले, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

एवढे शिकून मूल सुटीत घरी गेले, तर शाळा बंद असतानाही शिक्षकाचे काम गावात चालूच राहील.