शाळेच्या जागेचा सातबारा

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त आर. के. पुरम, नवी दिल्ली येथे जमलेल्या मराठी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सावित्रीमाईंच्या जयंतीला आपण त्यांच्यावर फेकल्या गेलेल्या शेणादगडांची गोष्ट सांगतो. ती सांगायलाच हवी. पण आज मी तुम्हाला त्या जिथे शिकवत होत्या त्या जागेची गोष्ट सांगणार आहे.

1848 मध्ये मुलींची शाळा भरली ती पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा. त्यांनी जागा दिली म्हणून शाळा भरली, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. शिकवणारी आपली होती, शिकण्याची भूक आपली होती, जागा मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर होती. पुढे त्या वाड्याचे मालक बदलले, दुकानं आली, भाडेकरू आले. तिथे स्मारक व्हावं म्हणून कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. निकाल पुणे महापालिकेच्या बाजूने लागला तो नोव्हेंबर 2023 मध्ये. डिसेंबरमध्ये मोडकळीला आलेला वाडा उतरवला गेला. 1848 ते 2023, म्हणजे 175 वर्षं. एवढ्या काळाने जागा आपल्याकडे आली, आणि तीही स्मारकासाठी.

म्हणून आज माझं सांगणं एकच आहे. शाळा बंद पडली तर भांडून पुन्हा उघडता येते. शाळेची जागा गेली तर तिथे शाळा परत येत नाही. आपण शिक्षकांसाठी भांडतो, शिष्यवृत्तीसाठी भांडतो. जमिनीकडे मात्र आपलं लक्ष नसतं.

शाळा उघडता येते, याचं उदाहरण नाशिक जिल्ह्यात आहे. इगतपुरी तालुक्यातली दरेवाडी, भाम धरणाने उठवलेली आदिवासी वस्ती. 2022 मध्ये तिथली शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे जायला सांगितलं. ती मुलं शेळ्या-बकऱ्या घेऊन थेट जिल्हा परिषदेकडे निघाली. मागणी अशी की आमची दप्तरं परत घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, म्हणजे निदान त्या तरी वळू. सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं आणि प्रशासनाला शाळा पुन्हा सुरू करावी लागली. त्या लेकरांकडे ना वकील होता ना पदवी.

आता शाळेची जागा हातची कशी जाते ते पाहू. कोणी उठून सांगत नाही की आम्हाला तुमच्या शाळेची जमीन हवी आहे. कारणं वेगळी दिली जातात.

पहिलं कारण पटसंख्या. 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने समूह शाळांची कल्पना पुढे आणली, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या 14,783 शाळा मोजल्या गेल्या. त्यांत 1,85,467 मुलं. यातल्या पुष्कळ शाळा वाड्या, तांडे, पाडे आणि दलित वस्त्यांच्या आहेत. खातं म्हणतं, चार मुलं आणि एक गुरुजी याला काय शाळा म्हणायची? प्रश्न खोटा नाही. एकाच वर्गात चार इयत्ता बसवून शिकलेले आपल्यातही आहेत, त्यांना विचारा. पण शाळा एकत्र करण्याचे दोन प्रकार असतात. 1919 मध्ये शाहू महाराजांनीही अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या होत्या. त्या बंद केल्या, कारण आपल्या मुलांना सगळ्यांच्या शाळेचं दार उघडायचं होतं. आजचं एकत्रीकरण ते दार लांब नेतं. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम शिक्षण हक्क कायद्याने आणला. गाडी देऊ म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी येत नाही, आणि घरी पहिली बसते ती मुलगी.

दुसरं कारण धोकादायक इमारत. मुंबईत माहीमच्या मोरी रोडवरची महापालिका शाळा 2025 मध्ये याच कारणाने पाडायला निघाली. स्थानिक रहिवासी, पालक आणि मराठी अभ्यास केंद्राने विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं, इमारत खरंच धोकादायक आहे का ते त्रयस्थाकडून तपासा. छप्पर कोसळावं असं कोणत्याच आईबापाला वाटत नाही. पण इमारत पाडताना पुढचे प्रश्न लगेच विचारायला हवेत. नवी इमारत किती दिवसांत? तोवर मुलं कुठे बसणार? आणि त्या जागेवर शाळाच होणार, हे लेखी कुठे आहे?

तिसरं कारण विकास. कोल्हापुरात भवानी मंडपातलं मेन राजाराम हायस्कूल हलवून ती वास्तू अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या सोयीसाठी वापरावी, असा विचार 2022-23 च्या सुमारास पुढे आला. ज्या संस्थानाने 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच्या राजधानीत! भाविकांची सोय व्हायलाच हवी, पण ती शाळेच्या जागेत कशासाठी? आजी-माजी विद्यार्थी, शिक्षक, नागरिक विरोधात उभे राहिले आणि तो विचार मागे पडला. ती शाळा शहराच्या मध्यभागी आहे आणि तिथे शिकून मोठे झालेले लोक गावात आहेत, म्हणून आवाज उठला. वाडीवरच्या शाळेचे माजी विद्यार्थी कुठे असतात? इथे, आर. के. पुरमला. मुंबईला, पुण्याला, बंगळुरूला.

आता मी स्वतःचं सांगतो. दिल्लीत माझं काम जमिनीच्याच फायलींचं. दुसऱ्या राज्यांतल्या जमिनींच्या नोंदी मी बारा वर्षं वाचतो आहे. गेल्या दिवाळीत मराठवाड्यातल्या माझ्या गावी गेलो. शाळेला तारेचं कुंपण घालायचं ठरलं होतं. शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, "कुंपण घालताय ते कुणाच्या जागेत?" रात्री मोबाइलवर महाभूलेख उघडून गट नंबर टाकला. सातबाऱ्यावर शाळेचं नाव नाही. साठेक वर्षांपूर्वी ज्या पाटलांनी तोंडी जागा दिली, त्यांच्या चार नातवांची नावं आहेत. बक्षीसपत्र शाळेत नाही आणि ग्रामपंचायतीतही नाही. आता गावाजवळून मोठा रस्ता जातोय आणि नातवांपैकी एकाने जमिनीला गिऱ्हाईकही पाहिलं आहे.

त्या नातवाला मी शिव्या दिल्या नाहीत. कागद त्याच्या बाजूने आहे. मला लाज माझी वाटली. ज्या शाळेने मला कागद वाचायला शिकवलं, तिचाच कागद मी कधी वाचला नव्हता. माझी आई त्या शाळेच्या पायरीपर्यंत गेली होती, आत गेली नाही. गावात देऊळ होतं, ते आमचं नव्हतं. पाणवठा होता, तोही आमचा नव्हता. शाळेचं पटांगण ही पहिली जागा, जिथे मी कुणाला न विचारता उभा राहिलो. वर्गात मागे बसवलं असेल, पण हजेरीत माझं नाव होतं. ते पटांगण विकायला निघालं आहे.

आता शाळा व्यवस्थापन समितीने जुन्या कागदांसाठी अर्ज केले आहेत. जागा दिल्याचं पाहिलेले दोन म्हातारे हयात आहेत, त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घेतो आहोत. चौघांपैकी एक नातू म्हणाला, "आजोबांचा शब्द आहे, मी सही करतो." बाकी तिघांचं अजून काही कळत नाही.

दिल्लीतही हे घडतं, फक्त वेगळ्या नावाने. आपण ज्या वसाहतीत बसलो आहोत तिच्या आसपास पाहा. नेताजी नगर, सरोजिनी नगर, नौरोजी नगर, मोहम्मदपूर. 2016 मध्ये मंजूर झालेल्या पुनर्विकासात सरकारी क्वार्टर पाडले आणि खर्च भागवायला नौरोजी नगरात व्यापारी जागा बांधून विकल्या. वसाहत रिकामी झाली की तिथल्या सरकारी शाळेचा पट घसरणारच. मग तोच पट दाखवून शाळेची गरज उरली नाही असं म्हणणं सोपं जातं. याच शहरात खाजगी शाळांना सवलतीच्या दरात सरकारी जमिनी मिळाल्या, आणि त्या देताना घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी सरकारची आहे, हे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. अट कागदावर होती, ती वाचून दाखवणारं कोणी लागलं.

तर वाचणारे आपण होऊ या. चार कामं सांगतो, रजा न काढता होणारी.

एक, आपल्या शाळेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा. नाव नसेल तर बक्षीसपत्र, फेरफार आणि मोजणीच्या मागे लागा, देणारा माणूस हयात आहे तोवर.

दोन, शहरात विकास आराखडा पाहा. शाळेचं आरक्षण बदलायचं तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस आपण वाचत नाही म्हणून हरकत जात नाही. आणि कलम 127 लक्षात ठेवा. आरक्षित खाजगी जमीन दहा वर्षांत घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतर 24 महिन्यांतही संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षणच संपतं. न बांधलेली शाळा अशी गुपचूप जाते.

तीन, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. गावी फोन कराल तेव्हा वहिनीला विचारा, समितीत कोण आहे, ठरावाच्या वहीत काय लिहिलंय. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. जागेच्या रक्षणाचा ठराव त्यात घालता येतो.

चार, कागद नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्ज तुम्ही लिहा, सही गावातल्या पालकाची असू द्या. लढाई त्यांची आहे, आपण कारकून होऊ.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितलं होतं की कर शेतकऱ्यांकडून घेता आणि शिक्षण वरच्यांना देता. आज त्या कराच्या पैशाने आणि गावाच्या दानाने उभी राहिलेली जागाच हातची जाते आहे.

घरी गेल्यावर एवढंच करा. मोबाइल उघडा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, शाळेचा गट नंबर टाका. वरच्या ओळीत कुणाचं नाव येतं ते मला कळवा.

जय भीम.