फटाक्यांची भीती आणि औषध
सुतळी बॉम्ब वाजला की कुत्रा पलंगाखाली शिरतो, थरथरतो, लाळ गाळतो, समोरचं खाणंही हुंगत नाही. ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नका. ही भीती दरवर्षी वाढतही जाते. पशुवैद्य त्यावर ट्रॅझोडोन, गॅबापेंटिनसारखी औषधं देतात. ती आवाज सुरू होण्याच्या दीड-दोन तास आधी द्यायची. नुसतं गुंगीचं औषध मात्र पुरेसं नाही. एसीप्रोमाझिननं अंग ढिलं पडतं, पण भीती आत तशीच राहते आणि मुक्या जिवाला पळताही येत नाही. हे मला फार क्रूर वाटतं. रोज घ्यायच्या फ्लुओक्सेटिनचा परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणून दिवाळीच्या फटाक्यांसाठी गणपती उठले की लगेच पशुवैद्यांना भेटा. आणि माणसांची झोपेची गोळी स्वतःच्या मनानं कधीही देऊ नका.