मुस्तफाची पेटी घरी आणायची असेल तर

आजचा भाग जरा ठोकाठोकीचा आहे. व्हिडिओ गेमच्या दुकानात असायची ना ती उंच लाकडी पेटी, तिला घरच्यासाठी अनेक गेमचं मशीन कसं करायचं, ते आज बोलू.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी 'मुस्तफा' मोबाईलवर खेळलाय. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. कॅपकॉमनं तो 1993 साली काढला. आपल्याकडे मात्र त्यातल्या मुस्तफा या एका पात्राच्या नावानंच अख्खा गेम ओळखला गेला. असा गेम खेळायला तेव्हा नाणं घेऊन दुकानात जावं लागायचं, आणि मागे चार पोरं आपला डाव संपायची वाट बघत उभी असायची.

माझी पेटी मी भंगारवाल्याकडून आणली. गेमचा बोर्ड कुणीतरी आधीच काढून नेला होता, बाकी सगळं जागेवर होतं. अशी पेटी आतून तुम्हाला वाटते तेवढी अवघड नसते. एक मॉनिटर, एक पॉवर सप्लाय, पुढे जॉयस्टिक आणि बटणांची फळी, आणि हे सगळं बोर्डाला जोडणारा वायरींचा जुडगा. बस्स.

या जुडग्याच्या टोकाला एक लांब कनेक्टर असतो, त्याला म्हणतात 'जामा'. जपानमधल्या मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेनं 1985 साली हे मानक ठरवलं. दोन्ही बाजूंना 28-28, म्हणजे एकूण 56 पिना. चित्र, आवाज, वीज, बटणं, नाण्याचा स्विच, सगळं याच एका कनेक्टरमधून जातं. आज टाइप-सी केबल बहुतेक नव्या फोनना लागते ना, तसंच. दुकानदार जुना बोर्ड काढून नवा खोचायचा, की त्याच पेटीत नवा गेम तयार!

आता महत्त्वाचं, इथे जरा लक्ष द्या. पेटीत जुनी काचेची पिक्चर ट्यूब असेल तर तिच्या मागच्या बाजूला हात घालू नका. रंगीत ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही चार्ज शिल्लक राहू शकतो. यूट्यूब बघून करायचं हे काम नाही. मी आमच्या भागातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी आधी ट्यूब डिस्चार्ज केली, अर्थिंग तपासलं, मगच मला जवळ येऊ दिलं. वर म्हणाले, "चालू ट्यूब आहे, फेकू नकोस. आता नवी मिळायची नाही."

आणि खरा प्रश्न इथेच आहे. बहुतेक जण ट्यूब काढून एलसीडी बसवतात. हलकं पडतं, सोपं पडतं. पण हे गेम साधारण सव्वादोनशे-अडीचशे आडव्या रेषांच्या चित्रासाठी काढलेले आहेत. ट्यूबवर ते मऊ, भरीव दिसतात. एलसीडीवर तेच चित्र चौकोनी ठोकळ्यांसारखं दिसतं. त्यामुळे माझा नियम सोपा आहे: ट्यूब मेली असेल तर एलसीडी लावा, काही पाप नाही. चालू असेल तर ठेवा. आणि काहीही करा, मूळ वायर कापू नका. उद्या कुणाला पेटी पुन्हा होती तशी करायची असेल, तर ती वाट उघडी राहायला हवी.

मी रास्पबेरी पाय घेतला आणि तो जामाला जोडणारा अ‍ॅडॉप्टर. एकही वायर तोडली नाही. पॉवर सप्लायवर मल्टिमीटर लावून पाच व्होल्ट नीट मिळतायत ना, ते आधी बघा. जास्त झाले तर पाय जळेल, कमी पडले तर सारखा बंद पडेल. आत चालतं 'मेम'. जुन्या मशीनचं हार्डवेअर सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारा हा प्रकल्प 1997 पासून सुरू आहे.

बटणांचं गणित असं. जामामध्ये प्रत्येक खेळाडूला तीन बटणं. मुस्तफाला तेवढी पुरतात. पण 'स्ट्रीट फायटर टू'ला सहा लागतात, त्यासाठी जादा वायर ओढावी लागते. आणि 'पॅक-मॅन'ला बटण लागत नाही, पण जॉयस्टिक चार दिशांचीच हवी. आठ दिशांची असेल तर वळणावर तिरकी जाते आणि भूत खातं. काही जॉयस्टिकमध्ये खालची पट्टी फिरवून हा बदल करता येतो, घेताना विचारा.

आता गेम कुठून आणायचे? स्पष्ट बोलतो. गेम जुना झाला म्हणून फुकट होत नाही, त्यावर कुणाचा तरी हक्क असतो. शेकडो गेम भरलेले जे स्वस्त बोर्ड मिळतात, ते बहुतेक विनापरवाना असतात. 'ग्रिडली', 'रॉबी रोटो' असे काही गेम मात्र हक्कदारांनीच घरगुती वापरासाठी मोकळे केलेत. सुरुवात तिथून करा. मुस्तफाचा जुना बोर्ड मी वेगळा शोधून घेतला. कॅपकॉमनं 2018 साली आपल्या मारामारीच्या जुन्या गेमचा संच काढला, त्यात मुस्तफा नाही. मग काय, पाय काढायचा, बोर्ड खोचायचा!

शेवटचा सल्ला. नाण्याची फट बुजवू नका. बटण दाबलं की फुकट क्रेडिट, असं करून बघितलं तर भाचे मंडळी वीस मिनिटांत कंटाळली. मरायची भीतीच नाही, तर खेळायचं कशाला? मग मी प्रत्येकाच्या हातावर पाच-पाच नाणी ठेवली. संपली की संपली. त्या दिवशी दोघं एकमेकांना "मागून येतोय, मागून येतोय!" असं ओरडायला लागले. शेवटचं नाणं कुणी टाकायचं, यावरून भांडण झालं. हे गेम नाणी खाण्यासाठीच बनवले होते, मान्य. पण त्या एका नाण्यामुळेच माणूस जीव लावून खेळायचा, आणि ते कुठल्याही बोर्डावर विकत मिळत नाही.

तर मंडळी, तुमच्या गावात एखादी पेटी पडून असेल तर आधी ट्यूब बघा, मग काका शोधा. भेटू पुढच्या भागात!