व्यसन म्हणायचं की सवय?



मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत बचतीचे २०० रुपये कमी भरले. तीनदा मोजले. मग उलगडा झाला. पैसे घेताना मध्येच मोबाइल वाजला, एकीचा हप्ता वहीत चढला आणि नोट तिच्याच मुठीत राहिली. आम्ही हसलो, पण ती चूक आमच्यातल्या कोणाकडूनही झाली असती.

त्याच बैठकीत एक सून रडली. "हिला मोबाइलचं व्यसन लागलंय," म्हणून घरच्यांनी तिचा फोन काढून घेतला होता. कर्जाच्या हप्त्याचे मेसेज त्याच फोनवर, बँकेचा ओटीपी त्यावर, माहेरची ख्यालीखुशालीही त्यावरच. तिचा नवरा रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघतो, त्याला मात्र कोणी व्यसनी म्हणत नाही.

तेव्हापासून आम्ही हा शब्द जपून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात मोबाइल-संगणकावरच्या खेळांचा अतिरेक आजार म्हणून आहे, रील बघणं नाही. आणि खेळाच्या बाबतीतही नुसते तास मोजत नाहीत. स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा आजार म्हणतात. आता, यादीत नाही म्हणजे रीलचा त्रासच नाही असं नव्हे. झोप जाते, डोळे चुरचुरतात, पोरांवर उगाच खेकसणं होतं, हे आम्ही भोगलंय.

पूर्वी मालिका संपली की आपण उठायचो. रील संपतच नाही. दहा टाकाऊ निघतात, अकरावी पोट धरून हसवते, मग त्या आशेवर बोट सरकतच राहतं. जत्रेतल्या चक्रीसमोर माणूस खिळतो, तसंच हे.

आधी आम्ही ॲपच काढून टाकलं. चार दिवसांत सगळ्यांनी परत घेतलं. मग आठवडाभर फक्त लिहून ठेवलं, हात फोनकडे कधी जातो. दूध तापेपर्यंत, एसटीची वाट बघताना आणि सगळ्यात जास्त रात्री अंथरुणात. एक जण म्हणाली, "दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो." यावर कोणालाच काही बोलता येईना.

तो वेळ तिचाच राहू दे, असं ठरलं. पण अंथरुणात नको. आता आम्ही ओट्यावर बसून बघतो, आणि चार्जर स्वयंपाकघरात ठेवलाय. झोपताना फोन तिथेच लावायचा. येणाऱ्या सूचनांचे आवाज बंद केले, फोनची रिंग तेवढी चालू. बैठकीत सगळे फोन एका डब्यात. दोघी-तिघींना अजून जमत नाही, त्यांना आम्ही टोचून बोलत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. सगळं गावच थांबलं, की एकट्या सुनेवर बोट येत नाही. आम्हाला त्यातलं हेच आवडलं.

एवढं करूनही कोणाला थांबवत नसेल, झोप उडाली असेल, जीव घाबराघुबरा होत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीतून बोलता येतं.

त्या सुनेच्या घरी आम्ही तिघी जाऊन आलो. सासूबाईंना हप्त्याचे मेसेज समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन कपाटातून फोन आणला आणि सुनेच्या हातात दिला. मग आम्हाला म्हणाल्या, "चहा घेऊन जा. आणि माझं पोरगं येईल एवढ्यात, त्यालाही जरा सांगा."